वीज आली, पण राखणदार उठला नाही: हॅस्केलमधून लोकल डीमन सांभाळताना

लक्षण असं. वीज जाते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरते, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बंद पडतो. वीज येते, पाय सुरू होतो, एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, आतही जाता येतं. पण हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला देखरेखीचा प्रोग्रॅम काही उठलेला नसतो. किंवा तो उठलेला असतो, पण त्याच्या हाताखालचा एसएमएस डीमन (पडद्याआड सतत चालणारा प्रोग्रॅम) दोनदा चालू असतो आणि यूएसबी मॉडेम कुणाचंच ऐकत नाही. हाताने बंद-चालू केलं की सगळं सुरळीत. पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मांडणी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावरच्या होड्यांना बर्फ देणारा एक कारखाना. ब्राइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, टाकीत डीएस१८बी२० जातीचे तापमानाचे सेन्सर सोडलेत. टाकी उणे आठ-दहा अंशांच्या आसपास राहिली तरच लाद्या वेळेत गोठतात. पाय ४ वर ‘राखणदार’ नावाचा आमचा प्रोग्रॅम दर अर्ध्या मिनिटाला तापमान वाचतो, त्याच पायवरच्या मॉस्किटो ब्रोकरला (प्रोग्रॅमांमध्ये संदेश पोचवणाऱ्या मध्यस्थाला) देतो, आणि ब्राइन तापायला लागलं की गामू एसएमएसडी या डीमनकरवी ऑपरेटरला मेसेज धाडतो. म्हणजे एकूण तीन डीमन, दोन तयार आणि एक घरचा. घरच्याने बाकी दोघांना उठवायचं, मेले तर पुन्हा उठवायचं आणि जाताना निजवायचं, असा मूळ बेत.

जून-जुलैत हा ताप जाणवत नाही. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. होड्या वर ओढून झाकलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही. खरी कसोटी त्यानंतर. होड्या निघालेल्या असतात, पाऊस अजून हटलेला नसतो आणि तारेवर फांदी पडून वीज कधीही जाते. रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन येतो तो याच दिवसांत: “भाऊ, तुमची ती डबी परत गप झाली हो. मेसेज काय येत नाय.”

(आज्ञा, फंक्शनं, सेटिंगं यांची नावं मी इथे बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थात रोमन लिपीत.)

आधी स्टेटस वाचा, मग हात लावा

बहुतेक जण थेट रीस्टार्ट मारतात. त्याने काम सुरू होतं, पण पुरावा जातो. आधी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ बघा, मग ‘जर्नलसीटीएल’ला ‘मायनस बी’ देऊन याच बूटच्या नोंदी वाचा. जर्नल डिस्कवर साठवायची सोय केलेली असेल तर आदल्या बूटच्याही नोंदी हाती लागतात. नसेल तर ती सोय आजच करा.

स्टेटसमध्ये तीनपैकी एक काहीतरी दिसेल आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. या तिघांची सरमिसळ केली की ही अडचण कधीच सुटत नाही.

‘फेल्ड’, आणि खाली ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’

सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम, आणि कोणती सेवा कशी चालवायची ते त्याला युनिट फाइल सांगते. त्या युनिट फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ समोर ‘ऑन-फेल्युअर’ लिहिलेलं असतं, तरी सिस्टमडी हात वर करतं. कारण सोपं आहे. सिस्टमडीची मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची, आणि दोन प्रयत्नांमधली मूळ विश्रांती फक्त १०० मिलिसेकंदांची. पाय बूट होताना यूएसबी मॉडेम ओळखला जायला थोडा वेळ घेतो. तोवर पोर्टची फाइलच नसते, ‘ओपनफाइल’ एक्सेप्शन (चूक झाल्याची हाक) फेकतं, ते कुणी धरत नाही, प्रोग्रॅम मरतो. पाचही प्रयत्न मॉडेम डोळे उघडायच्या आत संपतात. आपण फोन आल्यावर अर्ध्या तासाने आत शिरतो तेव्हा मॉडेम केव्हाच तयार असतो, म्हणून हाताने केलं की ‘लगेच चालतं’.

‘रीस्टार्टसेक’ १५ ठेवा; दहा सेकंदांत पाच प्रयत्न मग होऊच शकत नाहीत. मर्यादाच काढायची असेल तर ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ शून्य करा, पण ती ओळ ‘युनिट’ विभागात लिहा. ‘सर्व्हिस’ विभागात लिहिली तर सिस्टमडी जर्नलमध्ये एक कुरकुर टाकून ती सोडून देतं, आणि आपण समजतो की सेटिंग केलंय.

हॅस्केलच्या बाजूने सांगायचं तर मॉडेम नाही म्हणून तापमान वाचणं थांबावं, हीच मुळात चुकीची रचना. मॉडेम उघडायचा भाग ‘रिट्राय’ लायब्ररीच्या वाढत्या अंतराच्या प्रयत्नांत गुंडाळा आणि बाकीचं चालू द्या. पोर्टचं नावही ‘टीटीवाय यूएसबी शून्य’ असं पक्कं धरू नका. एकच मॉडेम दोन-तीन पोर्ट दाखवतो आणि बूटगणिक त्यांचा क्रम हलू शकतो. ‘डेव्ह’खाली ‘सीरियल’मधल्या ‘बाय-आयडी’ फोल्डरातलं नाव वापरा, ते हलत नाही.

‘इनॅक्टिव्ह, डेड’, आणि एक्झिट कोड शून्य

इथे सिस्टमडीच्या लेखी काही बिघडलेलंच नाही. प्रोग्रॅम आला, समाधानाने गेला. जर्नलमध्ये आपलीच ओळ असते: ‘राखणदार आधीच चालू आहे, बाहेर पडतोय.’

हा पीआयडी फाइलचा प्रताप. जुन्या पद्धतीने प्रोग्रॅम सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक होम फोल्डरातल्या फाइलमध्ये लिहितो आणि जाताना ती फाइल पुसतो. वीज जाते तेव्हा ‘जाताना’ असं काही नसतंच. फाइल तशीच राहते. पुढच्या बूटला प्रोग्रॅम तो क्रमांक वाचतो, ‘सिग्नलप्रोसेस’ने शून्य सिग्नल पाठवून कुणी जिवंत आहे का बघतो, आणि उत्तर येतं ‘आहे’. तो दुसराच कुणीतरी असतो. टेबलावरच्या पीसीवर अशी गाठ क्वचित पडते. पायचा बूट मात्र दर वेळी जवळजवळ त्याच क्रमाने होतो, त्यामुळे क्रमांकही मागच्यासारखेच वाटले जातात. ७१२ आधी आपला होता, आज तो शेजारच्या सेवेचा. म्हणून हा घोळ नेमका पायवर आणि नेमका वीज गेल्यावरच होतो, आणि घरी टेस्ट करताना कधी सापडत नाही.

पीआयडी फाइल सोडून द्या. त्याऐवजी फाइलवर ‘एफलॉक’ने कुलूप घ्या, हॅस्केलमध्ये त्यासाठी ‘फाइललॉक’ लायब्ररीतलं ‘ट्रायलॉकफाइल’ आहे. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल कुलूप सोडतं, वीज गेली तर प्रश्नच नाही. एक खाच मात्र लक्षात ठेवा. हे कुलूप उघड्या फाइलला चिकटलेलं असतं. आपण जन्माला घातलेल्या प्रोसेसकडे तो फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) वारशाने गेला, आणि आपण मेलो पण ती जगली, तर कुलूप लागलेलंच राहतं. चाइल्ड सुरू करताना ‘क्लोज_एफडीज’ ट्रू करा. शंका आली तर ‘एफयूजर’ला ती फाइल दाखवा, कुणी धरलीय ते तो सांगतो.

युनिक्स सॉकेटची, म्हणजे एकाच यंत्रावरच्या प्रोग्रॅमांनी आपसात बोलायच्या जोडणीची, फाइलही अशीच मागे राहते आणि पुढच्या ‘बाइंड’ला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं. सुरू होताना ती पुसायची, पण कुलूप मिळाल्यावरच. क्रम उलटा ठेवला तर दुसरी प्रत येऊन पहिलीचं चालतं सॉकेट पुसते आणि मग स्वतः कुलपाशी अडून बाहेर पडते. नंतर कुणालाच काही कळत नाही. युनिटमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहिली तर सिस्टमडी ‘रन’खाली फोल्डर करून देतं. ते मेमरीत असतं, बूटला कोरं मिळतं, त्यामुळे कुलूप आणि सॉकेट दोन्ही तिथे ठेवा.

याच घरातली आणखी एक एरर: ‘रिसोर्स बिझी, फाइल इज लॉक्ड’. ही वेगळी बरं का. स्थिती साठवायची फाइल ‘रीडफाइल’ने वाचली, आळशी वाचनामुळे ती पूर्ण वाचून झालीच नाही, आणि तिच्यावरच ‘राइटफाइल’ केलं, की जीएचसीचं, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरचं, स्वतःचं कुलूप आडवं येतं. बाइटस्ट्रिंगचं काटेकोर वाचन वापरा. लिहिताना तात्पुरत्या फाइलवर लिहा, ‘एफसिंक’ करा, मग नाव बदला. नाहीतर ऐन लिहिताना वीज गेली की शून्य बाइटची फाइल उरते, आणि पुढच्या बूटला ‘फ्रॉमजस्ट’ मान टाकतो.

‘ॲक्टिव्ह, रनिंग’, पण मुका

सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रकार हाच. हिरवा ठिपका बघून माणूस निश्चिंत होतो.

जर्नल रिकामं असेल तर आधी बफरिंग. टर्मिनलवर जीएचसी ओळीओळीने छापतं. आउटपुट टर्मिनलकडे जात नसेल तर ठोक बफर भरेपर्यंत धरून ठेवतं. अर्ध्या मिनिटाला एक छोटी ओळ, म्हणजे काही तास जर्नलमध्ये काही दिसणार नाही, आणि वीज गेली तर तेवढं सगळं गेलंच. ‘मेन’च्या पहिल्या ओळीत ‘एचसेटबफरिंग’ने ‘लाइनबफरिंग’ करा.

दुसरं कारण खास आपल्यासारख्यांचं, म्हणून जरा थांबून सांगतो. एसएसएचमधून चालवलं तर प्रोग्रॅम ठणठणीत; सिस्टमडीतून चालवला की पहिला लॉग छापतानाच मरतो. जर्नलमध्ये असतं: ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट, कॅनॉट एन्कोड कॅरेक्टर २३५२’. हा २३५२ म्हणजे युनिकोडमधलं ‘र’. लॉगची पहिली ओळ होती ‘राखणदार सुरू झाला’. आपल्या शेलमध्ये ‘लँग’ यूटीएफ-८ चं असतं. सेवेपर्यंत ते सेटिंग पोचलं नाही तर जीएचसी ॲस्की धरून चालतं, आणि त्यात ‘र’ कुठून येणार? इंग्रजी लॉग लिहिणाऱ्याला ही एरर आयुष्यात भेटत नाही, त्यामुळे शोधूनही धड उत्तर सापडत नाही. उपाय म्हणून मराठी लॉग सोडायची काही गरज नाही; रात्री तीनला ऑपरेटरने वाचायचं ते मराठीतच हवं. ‘मेन’च्या सुरुवातीला ‘सेटलोकेलएन्कोडिंग यूटीएफ८’ करा, स्टँडर्ड आउटपुट आणि एरर या दोन्ही हँडलांना ‘एचसेटएन्कोडिंग’ लावा, आणि युनिटमध्ये ‘लँग’ला ‘सी डॉट यूटीएफ-८’ द्या. एकाने भागतं, पण दोन्ही ठेवा. एखादा चाइल्ड प्रोसेस पर्यावरणातूनच उचलतो.

हे एक्सेप्शन ‘मेन’मध्ये आलं तर निदान प्रोग्रॅम मरतो. ‘फोर्कआयओ’ने सोडलेल्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्रॅमात समांतर चालणाऱ्या कामात) आलं तर फक्त तो थ्रेड मरतो, स्टँडर्ड एररवर एक ओळ टाकतो, आणि बाकी डीमन जिवंत राहतो. सेन्सर वाचणारा थ्रेड गेला, सॉकेटवर उत्तर देणारा थ्रेड आहे: स्टेटस हिरवं, तापमान कालचं. थ्रेडमध्ये ‘एक्झिटफेल्युअर’ फेकूनही उपयोग नाही, त्यानेही तो थ्रेडच संपतो. ‘असिंक’ लायब्ररी घ्या आणि सगळी कामं ‘रेस_’ किंवा ‘कॉन्करंटली_’ मध्ये बांधा, म्हणजे एक कोसळला की सगळं कोसळेल आणि सिस्टमडीला कळेल. अर्धवट जिवंत डीमनपेक्षा पूर्ण मेलेला बरा. मेलेल्याला उठवायला कुणीतरी आहे.

तापमानाचा लूप चाइल्ड सुरू केल्याक्षणी थिजत असेल तर बिल्डमध्ये ‘थ्रेडेड’ पर्याय दिला आहे का बघा. तो नसताना ‘वेटफॉरप्रोसेस’ बाकी सगळ्या हॅस्केल थ्रेडना रोखून धरतं. आणि चाइल्डच काही तासांनी थिजत असेल तर त्याचं आउटपुट पाइपमध्ये घेऊन वाचायचं राहिलंय. लिनक्सवर पाइप साधारण ६४ किलोबाइटला भरतो, मग लिहिणारा जागच्या जागी थांबतो.

दोन-दोन प्रती

आता मूळ दुखणं. डेबियनच्या पद्धतीत डीमनचं पॅकेज टाकलं की त्याची सेवा सहसा आपोआप सुरू होते आणि बूटलाही उठायला लागते. म्हणजे मॉस्किटोला सिस्टमडीनेही उठवलं आणि राखणदारानेही. एका होडीवर दोन तांडेल. पहिल्याने १८८३ पोर्ट धरलेला असतो, दुसरा ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून मरतो, राखणदार त्याला इमानेइतबारे पुन्हा उठवतो, आणि हे रात्रभर चालतं. एसएमएस डीमनचं याहून वाईट, कारण दोन्ही प्रती एकच मॉडेम उघडतात आणि दोघीही अर्धीमुर्धी उत्तरं वाचतात. ‘एसएस मायनस एलटीएनपी’ने पोर्ट कुणाकडे आहे ते बघा, ‘सिस्टमडी-सीजीएलएस’ने कोण कुणाच्या घरात राहतंय ते.

माझं मत स्पष्ट आहे: तयार डीमन सिस्टमडीकडे द्या, पूर्णपणे. राखणदाराने त्यांना जन्म द्यायचा नाही, फक्त विचारपूस करायची. मेल्यावर उठवायचं काम त्या-त्या युनिटमधल्या ‘रीस्टार्ट’चं; राखणदाराच्या युनिटमध्ये त्यांच्यासाठी ‘वाँट्स’ आणि ‘आफ्टर’ एवढंच. विचारपूस ‘रीडप्रोसेसविथएक्झिटकोड’ने ‘सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह’ला करा आणि एक्झिट कोड बघा, शून्य म्हणजे चालू. छापलेला मजकूर पार्स करत बसू नका. हॅस्केलवाल्यांना पार्सर लिहायची फार हौस असते, इथे ती आवरा.

यूजर सेवा म्हणून चालवत असाल तर ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ हवंच. नाहीतर आपण एसएसएच सोडलं की सगळे डीमन आपल्यामागून निघतात, आणि बूटला तर कुणी लॉगिन केल्याशिवाय उठतच नाहीत.

एखादा प्रोसेस खरंच आपल्याच मालकीचा ठेवायचा असेल, तर ‘शेल’ न वापरता ‘प्रॉक’ वापरा. ‘शेल’ने मध्ये एक एसएच बसू शकतो, ‘टर्मिनेटप्रोसेस’चा सिगटर्म, म्हणजे ‘थांब’ हा सिग्नल, त्यालाच लागतो आणि खरा डीमन अनाथ होऊन चालत राहतो. ‘विथक्रिएटप्रोसेस’ घ्या, म्हणजे बाहेर पडताना चाइल्डला थांबवलं जातं. आणि तरीही सिगटर्म स्वतः हाताळा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. जीएचसीचं रनटाइम सिगइंटचं, म्हणजे कंट्रोल-सीचं, एक्सेप्शन करून ‘मेन’ थ्रेडला देतं. सिगटर्मचं करत नाही. सिगटर्म आला की प्रोसेस तिथल्या तिथे संपते, ‘ब्रॅकेट’मधली आवराआवर होतच नाही. टेबलावर कंट्रोल-सीने दहादा तपासलेलं सगळं सेवेत मात्र उघडं पडतं, कारण ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ पाठवतं ते सिगटर्म. ‘मेन’चा थ्रेड आयडी घ्या, ‘इन्स्टॉलहँडलर’ने सिगटर्म पकडा आणि त्या थ्रेडला ‘थ्रोटू’ने ‘एक्झिटसक्सेस’ फेका. एवढ्या दोन-तीन ओळींनी ‘ब्रॅकेट’ कामाला लागतं. सिस्टमडी यासाठी साधारण ९० सेकंद थांबतं, मग सिगकिल.

स्वतःला डबल फोर्क करून पार्श्वभूमीत ढकलायची जुनी पद्धत तर विसराच. ‘फोर्कप्रोसेस’नंतर चाइल्डमध्ये आपला एकच थ्रेड उरतो, बाकीचे आधी सुरू केलेले गायब. वर युनिट ‘सिंपल’ प्रकारचं असेल तर मुख्य प्रोसेस संपली असं समजून सिस्टमडी उरलेलं घर साफ करतं.

एलिक्सर या भाषेत हेच करणाऱ्यांनी सुपरवायझरवर विसंबून राहू नये. तो बीमच्या, म्हणजे एलिक्सर ज्यावर चालतं त्या यंत्रणेच्या, आतल्या प्रोसेस उत्तम सांभाळतो, पण बाहेरचा प्रोग्रॅम पोर्टमधून चालवला असेल तर पोर्ट बंद होताना फक्त त्याचं इनपुट बंद होतं. इनपुट न वाचणारा डीमन त्याची दखलही घेत नाही.

वीज आल्यावरचे दोन खोटे आकडे

सगळं नीट उठल्यावरही पहिल्या मिनिटात ऑपरेटरला ‘ब्राइन ८५ अंश’ असा मेसेज जाऊ शकतो. डीएस१८बी२० ला वीज मिळाली की मोजमाप होण्याआधी त्याच्या रजिस्टरमध्ये ८५ हाच आकडा असतो. वीज क्षणभर लपकली तरी तेच. सीआरसी (आकडा वाटेत बिघडला का ते सांगणारा पडताळा) बरोबर येतं, त्यामुळे तपासणीत तो पकडला जात नाही. ब्राइनच्या टाकीत नेमके ८५.० आले तर ते वाचन सरळ टाकून द्या आणि पुन्हा वाचा.

दुसरा घड्याळाचा. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज आली पण फायबर अजून तुटलेलीच असेल, तर घड्याळ शेवटी साठवलेल्या वेळेपासून पुढे चालतं आणि नेट आल्यावर एकदम उडी मारतं. ‘मागच्या मेसेजला अर्धा तास झाला का’ हा हिशेब ‘गेटकरंटटाइम’ने केला असेल तर तो या उडीत चुकतो: एकतर मेसेजांचा भडिमार, नाहीतर शुकशुकाट. अंतर मोजायला ‘जीएचसी क्लॉक’ मॉड्यूलमधलं ‘गेटमोनोटॉनिकटाइम’ वापरा. भिंतीवरची वेळ फक्त मेसेजात छापण्यापुरती.

हे सगळं तपासायचं ते होड्या उतरायच्या आधी, आणि ‘सुडो रीबूट’ने नाही, रीबूट सभ्यपणे सिगटर्म पाठवतो. पायचा प्लग खेचायचा, मॉडेमसकट. एकदा नेटची केबल लावून, एकदा काढून, आणि एकदा स्थितीची फाइल लिहिली जात असतानाच. दर वेळी प्लग परत लावल्यावर पाच मिनिटं काहीच करायचं नाही, आत लॉगिनसुद्धा नाही. मग ऑपरेटरच्या फोनवर चाचणीचा मेसेज आला का तेवढं विचारायचं.